इंग्रजी प्रकटवाचनाच्या तोंडी परीक्षेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मुलीच्या शाळेत इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत अपरिचित उतारा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आणि त्याआधी तो नजरेखालून घालण्यास अगदी थोडा वेळ मिळतो. तिला शब्द येतात, अर्थही कळतो, परंतु वाचन सपाट होते. 'फोटोग्राफ' या शब्दात पहिल्या अक्षरावर असणारा आघात 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर सरकतो, हे ठाऊक असूनही ती सर्व अक्षरांवर सारखाच जोर देते. 'वॉक्ट' असा उच्चार हवा तेथे लिहिल्याप्रमाणे 'वॉकेड' म्हणते. त्याहून मोठी अडचण म्हणजे विरामाची: स्वल्पविराम मागे टाकून ती थेट ओळीच्या शेवटी थांबते, मग वाक्य कोठे संपले हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते.

सध्या आम्ही उताऱ्यात पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून शब्दांचे गट पाडतो, ध्वनिफितीतील वाचकाच्या पाठोपाठ तिला वाचायला लावतो आणि तिचेच वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तिला ऐकवतो. खुणा केलेला उतारा ती उत्तम वाचते. नवा, कोरा उतारा समोर आला की गाडी पुन्हा मूळपदावर.

खुणांची ही सवय टप्प्याटप्प्याने कशी सोडवावी? वाचताना डोळे जिभेच्या पुढे दोन-तीन शब्द राहावेत, यासाठी एखादा सराव आहे का? मधेच टोकल्याने ती बिचकते, म्हणून चुका शेवटीच सांगाव्यात असे मला वाटते. शिक्षक मंडळींचा अनुभव काय आहे?