डिमिंगची वारंवारता फार वाढवल्यास
एलईडी दिवा झपाट्याने चालू-बंद करून त्याचा प्रकाश कमी करतात (डिमिंग); ही चालू-बंद होण्याची वारंवारता जितकी जास्त तितके चांगले, असे एक मत आहे आणि लुकलुकण्यापुरते ते मला मान्य आहे. मंद प्रकाशाचा विचार मात्र त्यात राहून जातो. जळगावच्या सराफ बाजारातील एका शोकेसमध्ये गिऱ्हाइके मोबाइलवर दागिन्यांचे चित्रण करू लागली की पडद्यावर काळे पट्टे सरकत, म्हणून मी २०० हर्ट्झवरून थेट २० किलोहर्ट्झवर गेलो. पट्टे गेले, परंतु या वारंवारतेला चालू-बंदचे एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचे असल्याने एक टक्का प्रकाशासाठी दिवा जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद चालू राहतो, आणि तेवढ्यात बक ड्रायव्हरच्या (व्होल्टेज उतरवून दिव्याला ठरावीक प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटच्या) कॉइलमधील प्रवाह पुरता चढतच नाही. मंद केले की काही दिवे चक्क विझत. अखेर ३ किलोहर्ट्झ ठेवले. कॉइलची बारीक शीळ ऐकू येते, पण बाजाराच्या गोंगाटात तिची तक्रार कोणी केलेली नाही.