डिझाइनच्या कामासाठी पीसी जुळवला तेव्हा काय घेतलं, काय टाळलं?

मांजराकाठ :
काल भाच्यानं यादी पाठवली. 'मामा, डिझाइनचं काम सुरू करायलोय, पार्ट बरोबर हैत का बघा.' यादीत लिक्विड कूलर, काचेची कॅबिनेट, रंगीबेरंगी पंखे. अन् रॅम आठ जीबी! वडिलांचं लातूरचं पत्रिकांचं दुकान आठवलं. पेंटियम फोरचे पार्ट आणायला ते मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले होते अन् येताना मदरबोर्डचा खोका रातराणी एसटीत मांडीवर धरून आणला होता. त्यावर पेजमेकर अन् कोरल चालायचं. फाइल एक्सपोर्टला लावली की आम्ही जेवून यायचो.
ज्यांनी अशा कामासाठी मशीन जुळवलंय त्यांनी लिहा. गेम खेळणाऱ्यांच्या यादीनं आपलं भागत नाही असं माझं मत आहे. पैसा कुठं घातला, कुठं हात आखडला?

फ्लेक्सवाला_नांदेड :
रॅम. बाकीचं मागून. 10 बाय 20 फुटाचा फ्लेक्स 72 रिझोल्यूशनला घेतला तरी 8640 बाय 17280 पिक्सेल होतात. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) पूर्ण भरलेला एक लेअर 600 एमबीच्या घरात. त्यावर साहेब, भाऊ, दादा, खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी. आठ जीबीत रॅम भरून फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कच्या उसन्या जागेवर जातं, मग बसा गोल फिरणारं बघत. मी 32 टाकली, 16 च्या दोन काड्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही काड्या एकदम चालतात. आता मात्र भाव विचारायची सोय नाही, एआयवाल्यांनी सगळा माल उचललाय.
अन् तेवढाच फ्लेक्स 300 ला करणारी पोरं हैत. 10 जीबीच्या वर जातो तो. रस्त्यानं जाणारा माणूस काय भिंग घेऊन बघायलाय का?

जालनेकर :
चाळीस मुंडकी, हाहाहा. आमच्या गल्लीत एकाचा फोटो दुसऱ्या रांगेत गेला म्हणून छापलेला फ्लेक्स परत आला होता. त्याला कुठलं ग्राफिक कार्ड वाचवणार.

केजकर :
एसएमपीएसवर (पीसीला वीज देणारा डबा) कुणीच बोलंना. बऱ्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं अन् ते साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर नखरे करतं. लाईट गेली, इन्व्हर्टरनं घेतलं, पंखा चालू, ट्यूब चालू, पीसी तेवढा बंद. दुकानदार म्हणाला बोर्ड गेला. बोर्ड ठणठणीत होता, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर टाकलं अन् विषय संपला. यूपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते सोडा, वॅट बघा. 600 व्हीएचा बहुतेक 360 वॅटचाच निघतो.
कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, पाणी घालावं लागतं. आई बादली हिसकावून घ्यायची, 'प्यायला टँकर अन् तू खड्ड्यात ओतायलास!'

मांजराकाठ :
2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा कुणी अर्थिंगला बादली मागितली असती तर घरात घेतलं नसतं.

बीडबायपासवाली :
मी इंटिरिअर करते, संभाजीनगर. ऑटोकॅडच्या टूडीला भारी कार्ड लागत नाही, एकेका कोरचा वेग लागतो. रेंडरला (खोलीचं खऱ्यासारखं चित्र काढायला) व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची रॅम लागते. सोफा, पडदे, झाडं सगळ्यांचे टेक्श्चर कार्डात मावले पाहिजेत, नाहीतर काम रांगतं किंवा सॉफ्टवेअरच बंद पडतं. म्हणून नवं आरटीएक्स 4060 कार्ड आठ जीबीचं सोडून जुनं 3060 बारा जीबीचं घेतलं. दुकानदार सगळं माझ्या नवऱ्याकडं बघून समजावून सांगत होता. नवरा बँकेत आहे. तो मान हलवत होता, बिल मी भरलं.

खवापोळी :
ताई तुम्ही पडदे कुठून घेता? आमच्या हॉलला पश्चिमेचं ऊन आहे, दोन वर्षांत रंग उडतो. (धाग्याचा विषय नाही, माफी.)

बीडबायपासवाली :
मागून अस्तर लावून घ्या, गडद रंग नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मानवतकर :
लिक्विड कूलर कशापायी? खोलीतच 43 डिग्री असली तर रेडिएटर तीच हवा ओढणार. पुढून जाळी असलेली कॅबिनेट, साधा टॉवर कूलर, अन् फिल्टर काढता येणारा पाहिजे. माझ्या दुकानाजवळ कापसाचं जिनिंग आहे. सीझनला फिल्टर काढला की गोधडी निघते.

परभणी_कॅमेरा :
लग्नाचे व्हिडिओवाले, इंटेलचा 'एफ' वाला प्रोसेसर घेऊ नका. थोडे पैसे वाचतात पण आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ झटपट उलगडायची सोय) गेलं. आमच्या कॅमेऱ्याचं एच 265 चं 10 बिट 4:2:2 (जास्त रंग साठवणारं) फुटेज एनव्हिडियाची आरटीएक्स 40 मालिकेपर्यंतची कार्डं डीकोड करत नाहीत, इंटेलच्या नव्या प्रोसेसरचं आतलं ग्राफिक करतं. हळदीचा व्हिडिओ टाइमलाइनवर अडकत अडकत बघायचा म्हणजे... हळद लावेपर्यंत वरात दारात. चालू कामाची फाइल एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी), जुनी लग्नं हार्डडिस्कवर. फुटेज काढून टाकू नका, लोक पोराच्या बारशाला लग्नाची सीडी मागायला येतात.

निळा_ठसा :
मॉनिटर राहिला की! आयपीएस पॅनल पाहिजे, एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचं ठरलेलं माप) शंभर टक्क्यांच्या जवळ. 14 एप्रिलच्या आधी आमच्याकडं रोज तीच तक्रार असते, स्क्रीनवर निळा अन् फ्लेक्सवर जांभळा. गिऱ्हाईक चिडतं अन् ते बरोबरच आहे, जयंतीचा निळा जांभळा कसा चालंल? शंभर सायनमध्ये (छपाईचा निळा) शंभर मॅजेंटा (छपाईचा गुलाबी) घातला की जांभळाच येणार, मॅजेंटा 70 च्या खाली आणा. स्वस्त पॅनलवर तर मान तिरकी केली की रंग बदलतो. यादी करताना मॉनिटरचे पैसे आधी बाजूला काढा, कॅबिनेट उरल्या पैशात.

जालनेकर :
+1. आधी एक छोटा तुकडा छापून गिऱ्हाइकाची सही घ्या. सही असली की आवाज खाली येतो.

खवापोळी :
पुण्याहून मॉनिटर ट्रॅव्हल्सनं मागवला तर धड पोचतो का? मुलीला घ्यायचाय, डिझाइन शिकायलीय.

फ्लेक्सवाला_नांदेड :
डिकीत टाकू देऊ नका. दुकानातच चालू करून बघायचा, व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा. बिलावर सीरियल नंबर घ्या, वॉरंटीला तोच मागतात.

मानवतकर :
रविवारी मी येतोय पुण्याहून, गाडीत जागा आहे. 24 इंची असेल तर आणतो. 27 असेल तर मेव्हण्याला ट्रॅव्हल्सनं पाठवावं लागेल.

खवापोळी :
27 आहे.