फोंड्यातील जुन्या घरात क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर : जागा कोणती, आणि पावसाळ्याचे काय?

वसरीतला श्रोता (फोंडा) :

नमस्कार. जहाजावर नोकरी केलेल्या माझ्या काकांकडून क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या पहिल्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची (विद्युतभारित पातळ पडदा जाळ्यांमध्ये हलवून आवाज काढणाऱ्या, पेटी नसलेल्या) जोडी माझ्याकडे आली आहे. १९५७ साली बाजारात आलेले आणि १९८५ पर्यंत बनत राहिलेले ते हे मॉडेल. सोबत क्वाड ३०३ अ‍ॅम्प्लिफायर आहे. घर जांभ्या दगडाचे व कौलारू असून ऐकण्याची खोली साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तांबड्या सिमेंटच्या जमिनीची आहे. स्पीकर सध्या आखूड भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले आहेत. अभिषेकीबुवांचा स्वर आणि मागचा तंबोरा इतका स्वच्छ मी आजवर ऐकला नव्हता. तबल्याचा डग्गा मात्र अगदीच पोकळ वाटतो. शिवाय जून महिन्यापासून डाव्या स्पीकरमधून मधूनच ‘टिक टिक’ असा आवाज येतो आणि तो स्पीकर उजव्यापेक्षा हळू वाजतो. अधिक ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा काय?

द्विध्रुव (मडगाव) :

कृपया तसे करू नका. या स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा ३३ व्होल्टपेक्षा अधिक शिखर-दाब (क्षणिक कमाल विद्युतदाब) सोसत नाही. तो ओलांडला की पडदा आणि जाळी यांच्यामध्ये ठिणगी पडते आणि पडद्याला भोक पडते. शिवाय अतिउच्च स्वरांत त्याचा रोध (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) २ ओहमच्याही खाली उतरतो, त्यामुळे पुष्कळसे आधुनिक अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे अडखळतात. ३०३ त्याच घराण्यातला आहे, तो राहू द्यावा.

डग्ग्याची तक्रार जागेची आहे. पेटीबंद स्पीकर भिंतीकडे सरकवला की खर्ज वाढतो, म्हणून आपण सगळेच सवयीने तसे करतो. येथे नेमके उलट घडते. उघडा पडदा पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो, परंतु मागचा आवाज उलट्या कलेचा असतो, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती विरळ होते. भिंत वीतभर अंतरावर असेल तर तो आपटून जवळजवळ लगेच परत येतो आणि पुढच्या खर्जाला खाऊन टाकतो. स्पीकर भिंतीपासून १ मीटर पुढे आणला की मागच्या लहरीला २ मीटरचा फेरा पडतो, म्हणजे ती सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. मग साधारण ८५ हर्ट्झच्या आसपास ती पुढच्या लहरीला साथ देते आणि १७० च्या आसपास तिला छेद देते. दीड मीटर अंतर ठेवल्यास हा छेद ११५ च्या जवळ सरकतो. कोणते अंतर बरे, हे खोलीवर अवलंबून असल्यामुळे एकाच ध्वनिमुद्रणावर दहा-दहा सेंटिमीटरने सरकवून पाहावे लागेल. आपल्या खोलीची लांबी त्यासाठी पुरेशी आहे.

बाजूच्या भिंतींची काळजी नको, कारण पडद्याच्या कडेच्या दिशेला आवाज जवळजवळ जातच नाही. स्पीकर आपल्याकडे किंचित वळवून ठेवा आणि पायाखाली ३० सेंटिमीटर उंचीचा भक्कम लाकडी ठोकळा द्या; मूळ रचनेत स्पीकर जमिनीलगत, मागे कललेला असतो. सिमेंटच्या जमिनीवर सतरंजी हवीच.

जुना दुरुस्तीकार (म्हापसा) :

मांडणीविषयी वरील सदस्यांशी सहमत आहे. ‘टिक टिक’ हा मात्र पावसाळ्याचा आवाज आहे. बेस पडद्यांवर सुमारे ६,००० आणि ट्रेबलवर सुमारे १,५०० व्होल्टचा स्थिर विद्युतभार असतो; दमट हवेत धूळ ओलसर होऊन तो भार तिच्यावाटे गळू लागतो, म्हणून आवाजही हळू होतो. प्रथम दोन्ही स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडील तारा, अर्थात अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, अदलाबदल करून पाहा. दोष डावीकडेच राहिला तर तो स्पीकरचा. मग खोलीत डिह्युमिडिफायर (हवेतील ओल काढणारे यंत्र) लावून आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणा आणि दोन-तीन दिवस वाट पाहा. त्यानंतरही फरक राहिल्यास दाब वाढवणारा आतील गुणक थकला असावा. तो घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात भार साठून राहतो. मागील बाजूचा व्होल्टेज निवडक आपल्याकडील विजेनुसार लावला आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

काही जण या स्पीकरचा प्लग वर्षभर लावून ठेवावा म्हणतात, म्हणजे भार कायम टिकतो. माझे मत वेगळे आहे : भारित पडदा धूळ ओढून घेतो आणि आपल्याकडे मे महिन्यात व परतीच्या पावसात वीज ज्या रीतीने कडाडते, ते पाहता ऐकून झाल्यावर प्लग काढलेला बरा. पुन्हा ऐकण्यापूर्वी तासभर आधी लावावा.

वसरीतला श्रोता (फोंडा) :

दोघांचेही आभार. तारा बदलल्या; दोष डावीकडेच राहिला. यंत्र लावल्यावर पहिल्याच रात्री त्याची टाकी भरली, चौथ्या दिवशी टिकटिक थांबली आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. स्पीकर १.३ मीटर पुढे आले असून डग्गा आता बोलतो. खोलीचा चौथा हिस्सा गेल्यामुळे आईचा झोपाळा मात्र वसरीत हलवावा लागला, आणि त्याबाबत घरात अद्याप एकमत झालेले नाही.