ओकॅमल ५: नीट चाललेला सर्व्हर ४.१४ वरून हलवायची घाई कशाला?

संथगती (धागालेखक)

ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेची ५.० आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. एकाच प्रोग्रॅमला अनेक कोअर खरोखर एकाच वेळी वापरता येणार म्हणून कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. त्या कामामागच्या प्रमुख नावांपैकी के. सी. शिवरामकृष्णन आयआयटी मद्रासचे, त्यामुळे आपल्याकडे जरा जास्तच टाळ्या पडल्या. पण तेव्हापासून जो तो "अजून ४.१४ वरच?" (म्हणजे त्याआधीच्या आवृत्तीवर) असं विचारतो, ते काही पटत नाही.

५.० बाहेर पडलं तेव्हा काय काय गळालं होतं ते आठवा. नेटिव्ह कोड (थेट प्रोसेसरवर चालणारा) फक्त दोन जातींच्या प्रोसेसरवर, एएमडी६४ आणि एआरएम६४. रिस्क-व्ही ५.१ मध्ये परत आलं, पॉवर ५.२ मध्ये. मेमरी कुठे जाते ते दाखवणारा स्टॅटमेमप्रॉफ थेट ५.३ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ला. हीप (प्रोग्रॅमने चालताना घेतलेली मेमरी) आवळून मोकळी जागा परत देणारं कॉम्पॅक्शन ५.२ ला आलं, तेही अर्धवट: ४.१४ मध्ये मोकळी जागा ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की रनटाइम (प्रोग्रॅमसोबत चालणारी ओकॅमलची यंत्रणा) आपणहून हीप आवळतो, ५.२ मध्ये जीसीचं, म्हणजे नको असलेली मेमरी गोळा करणाऱ्या भागाचं, जीसी.कॉम्पॅक्ट तुम्ही स्वतः बोलावलं तरच. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरला हा फरक बारीक नाही. सकाळच्या गर्दीत फुगलेली प्रोसेस रात्रीही फुगलेलीच राहते.

ज्याला एक कोअर पुरतोय, किंवा जो चार प्रोसेस उभ्या करून वर लोड बॅलन्सर ठेवतोय, त्याने हलू नये असं माझं मत आहे.

बहुपेडी

असहमत. दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलीय तुम्ही. ५ वर जाणं म्हणजे समांतर कोड लिहिणं नव्हे. डोमेन म्हणजे स्वतंत्र कोअरवर समांतर चालू शकणारा भाग; नवं डोमेन उघडणारं डोमेन.स्पॉन बोलावलंच नाही तर सगळा प्रोग्रॅम एकाच डोमेनमध्ये चालतो. जुने थ्रेड मॉड्यूलचे थ्रेड तसेच एका कुलपाखाली आळीपाळीने धावतात, एलडब्ल्यूटी ही अनेक कामं आलटून-पालटून चालवणारी जुनी लायब्ररीही चालते. म्हणजे आधी नुसता कंपायलर बदला, डोमेनचं नंतर बघू.

कोडमध्ये मोडणाऱ्या गोष्टीही मोजक्याच आहेत. स्ट्रीम आणि जेनलेक्स स्टँडर्ड लायब्ररीतून गेले, ते कॅमएलपी-स्ट्रीम्स पॅकेजमध्ये मिळतात. परव्हेजिव्ह्ज हे मूळ मॉड्यूलचं जुनं नाव गेलं, त्या जागी एसटीडीलिब लिहा. युनिक्स आणि एसटीआर आता आपापल्या फोल्डरमध्ये बसतात, म्हणून हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये प्लस-युनिक्सचा रस्ता द्यावा लागतो. ड्यून हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांना तेही नाही.

कॉम्पॅक्शनचं म्हणाल तर रात्री रहदारी कमी असताना टायमरवर एकदा बोलवा, झालं.

सावली_सी_ची

"झालं" इतक्यात म्हणू नका. ५ मध्ये १२८ वर्डपेक्षा (६४-बिटवर एक वर्ड ८ बाइटचा) मोठं वाटप रनटाइमच्या स्वतःच्या पूलमध्ये होत नाही, ते सरळ सी लायब्ररीच्या मॅलॉककडे जातं. आणि कॉम्पॅक्शन आवळतं ते फक्त छोट्या वाटपांचे पूल. तुमच्या सर्व्हरमध्ये मोठे बफर आणि लांबलचक स्ट्रिंग असतील तर रात्री कितीही वेळा बोलवा, तेवढा भाग जिथल्या तिथे. वर ते चालू असताना सगळी डोमेन थांबतात ते वेगळंच.

पण माझी खरी हरकत सी स्टबवर, म्हणजे ओकॅमलला सी लायब्ररीशी जोडणाऱ्या छोट्या सी फंक्शनवर आहे, आणि तिथे एक डोमेन की आठ, काही फरक पडत नाही. जुन्या बाइंडिंगमध्ये मॅलॉककडून आलेला पॉइंटर तसाच ओकॅमलची व्हॅल्यू म्हणून परत द्यायची सवय होती. नॅकेड पॉइंटर म्हणतात तो हाच. ४.१४ चं नेहमीचं बिल्ड पेज टेबल बघून ओळखायचं, की हा पत्ता आपल्या हीपमधला नाही, आणि सोडून द्यायचं. ५ मध्ये ते टेबलच नाही. मार्किंग करताना जीसी त्या पत्त्याच्या आधीचा वर्ड हेडर (ब्लॉकची माहिती) समजून वाचतो, आणि तिथे काय असेल याचा भरवसा नाही. प्रोसेस कधी लगेच पडते, कधी दोन दिवसांनी भलत्याच ठिकाणी.

निदान ४.१४ वर असतानाच करायचं. ओपॅम या पॅकेज मॅनेजरमध्ये नवा स्विच (कंपायलरचं वेगळं इन्स्टॉलेशन) उघडा, ४.१४.२ चा ऑप्शन्सवाला व्हेरिअंट घ्या आणि त्यासोबत ओकॅमल-ऑप्शन-एनएनपीचेकर हे पॅकेज. मग सगळ्या टेस्ट चालवा. हीपबाहेरचा पॉइंटर सापडला की पत्त्यासकट इशारा छापला जातो. दुरुस्ती म्हणजे पॉइंटर कस्टम किंवा ॲब्स्ट्रॅक्ट ब्लॉकमध्ये गुंडाळणं, नाहीतर सर्वांत खालचा बिट १ करून तो पूर्णांकासारखा दिसेल असं करणं. दुसरा मार्ग स्वस्त, पण पत्ता सम आहे ही खात्री हवी आणि वापरण्याआधी तो बिट काढायला विसरायचं नाही.

उंटवाला

सीच्या मुद्द्याला +१. आता डोमेनकडे वळतो, कारण "एकच डोमेन ठेवा" ही सोय फार टिकत नाही. कोणीतरी उत्साहात स्पॉन करतोच.

नव्या छोट्या वाटपांची जागा म्हणजे मायनर हीप; ती साफ करणाऱ्या मायनर जीसीच्या वेळी सगळी डोमेन एकत्र थांबतात. एकाचा मायनर हीप भरला की बाकीच्यांनीही हजर व्हायचं. तो हीप मुळात २५६ हजार वर्डचा, म्हणजे ६४-बिटवर साधारण २ एमबी. वाटप जोरात असेल तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत भरतो. ओकॅमलरनपॅराम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एस=४एम दिलं की प्रत्येक डोमेनला ३२ एमबी मिळतात, थांबे कमी होतात; आठ डोमेनना २५६ एमबी गेले हे धरून चाला. कोअरपेक्षा जास्त डोमेन तर कधीच नको. एकाला कोअर मिळेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात, आणि चारवर जे धावत होतं ते सोळावर रांगतं. कामागणिक नवं डोमेनही नको, डोमेन्सलिब लायब्ररीतला डोमेनांचा पूल एकदाच करा.

आता सी स्टब इथे कसा आडवा येतो बघा. एक डोमेन सीमध्ये दोन सेकंद डिक्रिप्शन करतंय आणि स्टबने रनटाइमचं कुलूप सोडलेलं नाही. तेवढ्यात दुसऱ्याला मायनर जीसी हवा झाला तर अख्खा सर्व्हर दोन सेकंद गप्प. लांब चालणाऱ्या स्टबमध्ये रिलीज-रनटाइमची ओळ घालायलाच हवी. मग त्या डोमेनचा बॅकअप थ्रेड त्याच्या वतीने जीसीला हजेरी लावतो. मात्र कुलूप सोडल्यावर ओकॅमलच्या हीपला हात लावायचा नाही. लागणारे बाइट आधी कॉपी करून घ्यायचे.

संथगती

बहुपेडी, वाचताय ना? आणि डेटा रेस, म्हणजे दोन डोमेननी एकाच डेटाला एकदम हात लावणं, हे अजून निघालेलंच नाही. हॅशटेबल दोन डोमेनमधून भरलं तर आकार वाढताना नोंदी हरवतात. एकच लेझी व्हॅल्यू (लागेल तेव्हाच मोजली जाणारी) दोघांनी एकदम फोर्स केली तर अनडिफाइन्ड एक्सेप्शन. कंपायलर यातलं काहीच पकडत नाही.

बहुपेडी

वाचतोय. रेसबद्दल अर्धंच सांगितलंत. ओकॅमलच्या मेमरी मॉडेलमध्ये रेस झाली तरी मेमरी सुरक्षित राहते. सी++ सारखं "काहीही होऊ शकतं" इथे नाही. उत्तर चुकेल, सेगफॉल्ट होणार नाही, अर्थात ऑब्ज.मॅजिक किंवा अनसेफ-गेट या तपासण्या टाळणाऱ्या सोयी वापरल्या नसतील तर. शिवाय ५.२ पासून रेस पकडणारा थ्रेड सॅनिटायझर आहे: ओकॅमल-ऑप्शन-टीसॅन घालून वेगळा स्विच करा. प्रोग्रॅम बराच मंदावतो, म्हणून तो टेस्टपुरताच. पण दोन्ही बाजूंचे स्टॅक ट्रेस हातात देतो.

आणि इफेक्ट्सचं (चालू काम मध्येच थांबवून हँडलरकडे सोपवायची ५ मधली सोय) नावही कोणी घेतलं नाही! त्यावर उभ्या ईआयओ लायब्ररीत मोनॅडशिवाय (एलडब्ल्यूटीसारखी प्रत्येक पायरी जोडत न बसता) सरळ कोड लिहिता येतो, तिच्या स्वतःच्या 'स्विच'मध्ये (कामांच्या गटात, ओपॅमच्या नव्हे) सुरू केलेलं काम मागे लोंबकळत राहत नाही. ४.१४ वर हे मिळणारच नाही.

सावली_सी_ची

इफेक्ट्सना टाइप नाहीत. हँडलर नसेल तर कळतं ते चालताना, अनहँडल्ड एक्सेप्शनने. आणि इफेक्ट सीची फ्रेम ओलांडत नाही. एसक्यूलाइट या सी डेटाबेस लायब्ररीला दिलेल्या कॉलबॅकमधून ईआयओचं स्लीप बोलावलं, तर बाहेर हँडलर असूनही अनहँडल्डच. कंटेनरमध्ये डॉकरचं सेककॉम्प (सुरक्षेचं) प्रोफाइल आयओ-यूरिंग ही लिनक्सची जलद आयओ सोय अडवत असेल तर ईआयओ साध्या पॉझिक्स बॅकएंडवर उतरतं. लॅपटॉपवर मोजलेले आकडे तिथे लागू नाहीत. मोजायचंच तर ईआयओ-बॅकएंड व्हेरिएबलला पॉझिक्स देऊन मोजा.

उंटवाला

एलडब्ल्यूटीवाल्यांना सगळं एका दिवसात उलथवायची गरज नाही. एलडब्ल्यूटी-ईआयओ दोन्हींना एकाच लूपवर चालवतं, मॉड्यूलमागून मॉड्यूल हलवता येतं. फक्त एलडब्ल्यूटीचा सगळा कोड एकाच डोमेनमध्ये राहू द्या.

संथगती

चेकरवाला स्विच करायला माझी ना नाही, तो ४.१४ वरच चालतो. पण कॉम्पॅक्शन आपोआप होत नाही तोवर मोठी हीप असलेला सर्व्हर हलवा असं मी म्हणणार नाही.

बहुपेडी

थांबा मग. पण परव्हेजिव्ह्जच्या जागी एसटीडीलिब आणि स्ट्रीमसाठी कॅमएलपी-स्ट्रीम्स आजच करून टाका. दोन्ही ४.१४ वरही चालतात, आणि सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) ५ चा एक जॉब "पडला तरी चालेल" म्हणून लावून ठेवा.