मनपा शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो, पैशाचा आन् पोरांच्या अभ्यासाचा हिशोब कुठून पाहायचा?

पोरीचा_बाबा_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपुरातच राहतो, इलेक्ट्रिक फिटिंगची कामं करतो, पोरगी मनपाच्या मराठी शाळेत चौथीत आहे. शाळेचं नाव लिहून नाही राहिलो कारण मला भांडण करायचं नाही, काम करायचं आहे. पहिली ते पाचवी शाळा, पटावर 124 पोरं. मागच्या महिन्यात पालकसभा झाली, अठरा-वीस बाया आन् आम्ही चार बाप्ये, अध्यक्ष व्हायला कोणीच तयार नव्हतं म्हणून माझं नाव पुढं केलं आन् झालो मी अध्यक्ष.

पहिल्याच दिवशी रजिस्टर समोर आलं. त्यात आधीच्या तीन मिटिंगचं इतिवृत्त लिहून तयार होतं, ज्या मिटिंगा झाल्याच नाहीत, आन् सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं बारकी फुली मारून ठेवलेली. मी एकावर सही केली, दुसऱ्यावर हात थांबला. तेव्हापासून झोप नाही लागून राहिली. कारण त्याच आठवड्यात मी पोरीच्या वर्गातले सात पोट्टे व्हरांड्यात बसवून दुसरीचं बालभारतीचं पुस्तक वाचायला दिलं होतं. दोघं भडभड वाचून गेले. तिघं अक्षरं जोडत जोडत. दोघांना अक्षरं येतात पण शब्द होत नाही, एक पोरगा "पाऊस" वर बोट ठेवून प, पा, ऊ करत राहिला आन् मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. प्रगतिपत्रकात त्याला ब श्रेणी आहे.

तर मला कोणी जाणकारानं सांगा, शाळेला पैसा कुठून येतो, किती येतो, मला काय काय मागता येतं, आन् पोरं खरंच शिकून राहिली का हे पाहायचं कसं. मी बारावी शिकलो आहे, कागद वाचता येतात.

निवृत्त_केंद्रप्रमुख

भाऊ, आधी एक सांगतो, दुसऱ्या इतिवृत्तावर सही नाही केली हे फार चांगलं केलं. मी झेडपीत होतो, कुही आन् भिवापूर तालुक्यात नोकरी गेली, मनपाचा कारभार थोडा वेगळा आहे पण समितीचा कायदा एकच. आरटीई म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम 21 वाचा. समितीत 75 टक्के पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, अध्यक्ष पालकातूनच, मुख्याध्यापक सचिव असतात. महिन्यातून एक मिटिंग घ्यायची असते. आन् शाळेला मिळालेलं अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम म्हणून कायद्यातच लिहिलेलं आहे, म्हणजे खर्चाचं पुस्तक मागणं ही मेहेरबानी नाही, तुमची ड्युटी आहे. कलम 22 मध्ये शाळा विकास आराखडा आहे, तोही समितीनं करायचा. बहुतेक शाळांत तो मागच्या वर्षीचा उतरवून तारीख बदललेली असते, मी स्वतः असे आराखडे पाहिले आन् पुढं पाठवले, ते आता मला खटकते.

आता पैसा. शिक्षकांचा पगार तुमच्या शाळेच्या खात्यात येतच नाही, तो वरून परस्पर होतो, तो विषय समितीच्या हातातला नाही. तुमच्या हातात येते ते समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. पट 101 ते 250 असला तर वर्षाला 50,000 रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर, म्हणजे 5,000 रुपये झाडू, फिनाईल, संडास-नळाची दुरुस्ती यावर. बाकीच्यात खडू, वीजबिल, बारीक दुरुस्ती, साहित्य. ह्यात केंद्राचे 60 आन् राज्याचे 40 टक्के असतात, म्हणून कधीकधी एक हप्ता आला आन् दुसरा अडकला असं होते.

सगळ्यात महत्त्वाचं, हा पैसा आता पीएफएमएस मधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पैसे वाटायच्या यंत्रणेतून येते. पूर्वीसारखा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा टाकतात, आन् 31 मार्चला जे उरलं ते परत. ही मर्यादा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडली की आठ दिवसांत उडवायची धावपळ सुरू होते आन् मग जे सापडेल त्या दुकानाचं बिल लागते. चोरीपेक्षा ह्या घाईनं जास्त पैसा वाया गेलेला मी पाहिला. तुम्ही दिवाळीच्या आधीच समितीत ठराव करून ठेवा की पैसा आला की पहिले काय, दुसरे काय. मग मार्च मध्ये कोणी घाई करू शकत नाही.

शाळेतली_ताई

मी सध्या मनपा शाळेतच शिकवते, कोणती ते नाही सांगत. दादा तुमचा पट 124 आहे ना, हा आकडा आधी जपा. आरटीईच्या परिशिष्टात 91 ते 120 पोरांना चार शिक्षक आणि 121 ते 200 ला पाच. म्हणजे चार पोरं इकडची तिकडं झाली की एक शिक्षक जातो. आणि संचमान्यता करताना, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, पटावरची पोरं नाही मोजत, 30 सप्टेंबरला ज्यांचं आधार व्हॅलिड आहे तीच मोजतात. वर्गात पोरगं रोज येतं, खिचडी खातं, उत्तर देतं, पण आधारवर "शेख" चं स्पेलिंग वेगळं आणि दाखल्यावर वेगळं म्हणून ते हिशोबात नाहीच. आमच्याकडे छत्तीसगडहून कामाला आलेल्या घरांची पोरं आहेत, जन्मतारीखच एकेकाची तीन ठिकाणी तीन. 15 मार्च 2024 च्या जीआरनं तर हे निकष अजून कडक झाले. तुम्ही फिटिंगच्या कामाला घरोघरी जाता, त्या आईबापांना तुम्ही आधार केंद्रावर पाठवलं तर ते जातील, आम्ही चिठ्ठी पाठवली तर चिठ्ठी दप्तरातच राहते. मुख्याध्यापकांकडून आधार इनव्हॅलिड असलेल्या पोरांची यादी मागा, पहिलं काम हे करा, बाकी सगळं नंतर.

आणि तो पाऊसवर अडकलेला मुलगा, त्याच्या बाईंना दोष देण्याआधी एकदा विचारा की गेल्या वर्षी त्या वर्गात किती दिवस होत्या. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकांना देता येत नाही, पण निवडणुकीत बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम आलं आणि बीएलओ कधी संपतच नाही. सुप्रीम कोर्टानं 2007 मध्येच सांगितलंय की हे काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. मी मतदार यादी घेऊन गल्लीत फिरत होते तेव्हा माझा वर्ग शेजारच्या वर्गात बसवला होता, 61 पोरं एका खोलीत. त्या दिवसांचं मला अजूनही वाईट वाटतं.

सरळ_बोलतो_महाल

एवढं कशाला करायचं. आपण घरटॅक्सच्या बिलात शिक्षण कर भरतो, मास्तरांना सातवा वेतन आयोग लागू आहे, आन् चौथीच्या पोराला पाऊस वाचता येत नाही. 2025 मध्ये नागपुरातच शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन नंबरचा घोटाळा निघाला, बोगस शिक्षकांचे पगार निघत होते. एका पोरामागे खर्च काढून पाहा, तेवढ्यात प्रायव्हेट शाळेत फी भरून होते. बंद करा ह्या शाळा आन् पैसे थेट पालकांना द्या.

हिशोबी_माणूस

राग समजतो भाऊ पण दोन-तीन गोष्टी गल्लत होऊन राहिल्या. शालार्थचं प्रकरण मुख्यतः खाजगी अनुदानित संस्थांमधल्या नेमणुकांचं आहे, मनपाच्या ह्या शाळेच्या माथी ते मारू नका. बिलातला राज्याचा शिक्षण कर 1962 च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखाली आहे, मनपा तो फक्त वसूल करून शासनाला भरते, तो तुमच्या गल्लीतल्या शाळेवर खर्च होते असं नाही.

आन् एका पोरामागचा खर्च, तो आकडा फार फसवा आहे. समजा एका शाळेत पाच शिक्षक आहेत आन् 150 पोरं आहेत. पाच वर्षांनी पोरं 75 उरली, शिक्षक अजून तेच, तर कागदावर एका पोरामागचा खर्च डबल झाला, पण पोराच्या हातात एक वही जास्त नाही आली. वरून एकूण बजेट भागिले पोरं असं केलं तर त्यात पेन्शन येते, ऑफिस येते, बंद पडलेल्या इमारतीही येतात. शाळा महाग आहे म्हणून बंद करा म्हणणारे, आधी ती कशानं महाग झाली ते पाहत नाहीत. आन् बंद केली की तिथली पोरगी रिंग रोड ओलांडून दुसऱ्या शाळेत जाणार का, हे तिच्या आईला विचारा.

एक मात्र तुमचं खरं आहे, विचारणारं कोणी नव्हतं. मनपाची मुदत मार्च 2022 ला संपली आन् प्रशासक आला, पुढं कितीतरी काळ वॉर्डात नगरसेवकच नाही, शाळेचं छत गळलं तर सांगायचं कोणाला. अशा वेळी समिती हीच एक जागा होती आन् तिथंच फुली मारून सह्या.

दोन_लेकरांची_आई

मी इंदोऱ्याकडे राहते, दोन वर्षं समितीत होते. पोरं शिकतात का ते पाहायचं सोपं आहे, तुम्ही आधीच केलंत ते. प्रथम ह्या संस्थेचा असर अहवाल अशीच तपासणी करतो, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि गणितात हातच्याची वजाबाकी, भागाकार. तो गावखेड्यांचाच असतो, शहरात करत नाहीत, म्हणून आपल्या शाळेचं आपणच पाहायचं. 2024 च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या 23.4 टक्के पोरांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, 2022 मध्ये तर 16.3 होते. म्हणजे तुमच्या सातातल्या दोघांवरून शाळेला शिव्या देऊ नका आणि समाधानही मानू नका.

आम्ही काय केलं सांगते. तीन आयांनी दर शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात चटया टाकल्या, प्रत्येक पोराचं नाव वहीत, समोर अ, श, प, गो असं एक अक्षर. मार्क नाही, नंबर नाही. गोष्टवालं पोरगं अक्षरवाल्या पोराजवळ बसायचं. पहिल्या दोन महिन्यांत मुख्याध्यापक लांबून पाहत होते, नंतर स्वतःच ती वही मागून घेऊन आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत घेऊन गेले. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुरवणी परीक्षा देऊन मग वर जाता येतं, म्हणून चौथीतच धरा, पाचवीत उशीर होतो.

गणवेशाचंही सांगते. 2024-25 ला वरून कापड पाठवायचं ठरलं, आमच्या पोरांनी जुन्याच शर्टवर अर्धं वर्ष काढलं. 2025-26 पासून खरेदी परत समितीकडे आली, एका गणवेशाला 300 रुपये. एवढ्यात चांगलं कापड बसवायला दुकानदाराशी घासाघीस करावी लागते, तिथं बायांना पुढं करा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताईंची वहीची गोष्ट लाखमोलाची आहे. निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्टच 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक पोराला समजून वाचता यावं असं आहे, त्यामुळे मुख्याध्यापक ह्याला नाही म्हणू शकणार नाहीत. भाऊ, मुख्याध्यापकांशी एकट्यानं बोला, सगळ्यांसमोर नका बोलू. त्यांच्याकडेही बऱ्याचदा शाळेसोबत चार कागदी कामं लादलेली असतात.

पोरीचा_बाबा_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन आलो. काकांनी सांगितलं तसं सरांशी एकट्यानं बोललो, ज्या मिटिंगा झाल्या नाहीत त्यावर सही करणार नाही म्हटलं. केलेल्या एका सहीखाली "सभा झालेली नाही" असं लिहून तारीख टाकली. सर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले की दहा वर्षांत कोणी रजिस्टर वाचलं नव्हतं.

आधारची यादी मिळाली. नऊ पोरं आहेत, म्हणजे 124 मधून 115 च राहतात. त्यातली चार घरं माझ्या ओळखीची, एका घरी मीच मीटरचं काम केलं आहे. रविवारी तिकडं जातो.

व्हरांड्यातल्या चटईला दोन आया तयार झाल्या, तिसरी विचारून सांगते म्हणाली. त्या पाऊसवाल्या पोराची आई त्यातलीच एक आहे, तिला स्वतःला वाचता येत नाही, ती म्हणे मी पोरं गोळा करून आणीन आन् चटया उचलीन.

ताई, तुमच्या वहीत तारीख कशी टाकायच्या, दर शनिवारी नवीन पान की एका पोराला एक पान?

दोन_लेकरांची_आई

एका पोराला एक पान. म्हणजे आईबापाला त्याचं पान उघडून दाखवता येतं.