माळ्यावरचं खापर, आणि तुमच्याकडचं काय काय

शहापूरकर (धागा माझा) :
परवा माळा आवरायला काढला तर पितळी डब्यांच्या मागं गोणपाटात गुंडाळलेलं आजीचं खापर निघालं. मांड्यांचं. बूड काळंकुट्ट, एका बाजूला केसासारखी चीर. बायको म्हणाली, टाकूया काय आता, कुणाला येतंय ते? बरोबरच आहे तिचं, आमच्या घरात आता कुणालाच येत नाही, खरं टाकायचं म्हटलं की हात उचलेना. (बाहेरच्यांसाठी : आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. गोंधळू नका.)

मांडे आता बेळगावात विकत मिळतात, चांगले मिळतात, तक्रार नाही. आमच्या लहानपणी मात्र घरात लग्न ठरलं की आजी आणि गल्लीतल्या दोन काकू परसात चूल मांडून हे खापर पालथं घालायच्या. रवा-मैदा वस्त्रगाळ चाळून, तेलपाणी लावून इतका तिंबायचा की गोळा उचलला तर तुटायच्या ऐवजी लोंबायला लागायचा. आत पिठीसाखर, वेलची, खसखस. पोळपाटावर थोडंसंच लाटायचं, आणि मग दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवायचं, आजीच्या कोपराखाली मांडा पदरासारखा हलायचा, आणि तसाच नेऊन तापल्या खापरावर पसरायचा. मिनिटभरात भाजतो. मऊ आहे तोवरच घडी घालायची, जरा उशीर झाला की कडक होऊन मोडला. मोडलेले आम्हा पोरांचे. म्हणून मी एकदा ऐन घडीच्या वेळी "आजी, साप!" म्हणून ओरडलो. मांडा मोडला, मिळाला, आणि पाठीत उलथन्याचा चटकाही मिळाला. वाटीत चुरून वर गरम दूध आणि तुपाची धार, पाठ चोळत चोळत खाल्ला.

तर विचारायचं हे की तुमच्या घरी असं हातानं केलेलं काय होतं? किंवा डबा बांधून सकाळी निघायचं आणि दिवे लागायला परत यायचं अशी कुठली ठरलेली जागा? लिहा. शुद्धलेखन कोण बघत नाही इथं.

येळ्ळूरचा :
आमचं म्हणजे किल्ला. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर घरात आणि आम्ही शेतात माती आणायला. दगड रचायचे, वर चिखलात बुडवलेली पोती टाकायची म्हणजे डोंगराला सुरकुत्या आपोआप पडतात, मग लिंपायचं, आणि मोहरी नाहीतर नाचणी पेरायची. चौथ्या पाचव्या दिवशी हिरवंगार. मावळे बाजारातून, महाराज मात्र दरवर्षी तेच, आईच्या ट्रंकेत कापसात ठेवलेले. एका वर्षी मी सलाईनच्या नळीनं कारंजं केलं होतं, परीक्षक यायच्या दहा मिनिटं आधी नळी निसटली आणि प्रतापगडाचा पायथा वाहून गेला. दुसऱ्या गल्लीला पहिला नंबर. अजून बोलत नाही मी त्या पोराशी. (बोलतो. तो आता माझा मेव्हणा आहे.)

आणि खरा किल्ला तर घराच्या मागंच, राजहंसगड. 2023 ला महाराजांचा मोठा पुतळा झाल्यापासून सुट्टीला गाड्याच गाड्या असतात, आम्ही जायचो तेव्हा वर वारा आणि आम्ही, बस्स. कडेला बसून खाली बघायचं, सगळी भातशेती, आणि आपलं शेत कुठलं यावरनं भांडण. आमची बासमती. देहरादूनची नव्हे ओ, बेळगावची, दाणा बारीक, पण कुणाच्या घरात शिजतेय ते चार घरं पलीकडं कळायचं. पाहुणा आला हे लपवायची सोयच नव्हती. आता वडगावकडच्या बऱ्याच शेतात लेआउटचे दगड रोवलेत. आम्ही अजून घरापुरती लावतो, उतारा कमी आहे, आडवी पडते, तरी वडील ऐकत नाहीत आणि मीही त्यांना फारसं समजावत नाही.

टिळकवाडीतली काकू :
शहापूरकरा, चिरलेलं खापर चुलीवर ठेवू नकोस, फुटेल आणि डोळ्यात जाईल. बाकीचं नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

निपाणीची :
आमच्याकडं एप्रिल म्हणजे चटणी. चटणी म्हणजे लाल तिखट, ओली चटणी नव्हे. आमची वहिनी पुण्याची, नवीन आली तेव्हा सासूनं "चटणी घे गं" म्हटल्यावर तिनं ब्रेडला लावली होती. बिचारी. अर्धा किलो साखर खाल्ली असेल त्या दिवशी.

जहाल म्हणून संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, दोन्ही गच्चीवर वाळत घालायच्या आणि आम्ही पोरींनी कावळे नाहीतर पाऊस यातलं जे येईल ते हाकलायचं. देठं काढायला दुपारी शेजारच्या सगळ्या यायच्या, निम्म्या मराठी बोलणाऱ्या निम्म्या कन्नड, खरं शिंका सगळ्यांच्या सारख्याच. कुणाचं जमलं कुणाचं मोडलं सगळं त्या देठांबरोबर निघायचं. मग धणे, तीळ, खोबरं, मसाला तेलावर भाजायचा, कांदा वाळवून तळायचा, लसूण आणि सगळं घेऊन डंकावर. डंकावर मिक्सरसारखं पाच मिनिटात होत नाही, नंबर लावून बसावं लागतंय, आणि आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळू नये म्हणून आई डोळ्यातनं पाणी गळत असताना सुद्धा तिथनं हलायची नाही. परत आल्यावर पहिली चिमूट गरम भाकरीवर तेल घालून. मी आता हुबळीत असते, दर मे महिन्यात बरणी येते, बसमधनं, ड्रायव्हर मामा ओळखीचे आहेत.

कॅम्पातला :
खरं सांगू का, वाचून जरा हेवा वाटला. आमच्या घरी असलं काही नव्हतं. बाबांची शिफ्ट ड्युटी, आई शिवणकाम करायची, गावाकडं शेत नाही. रविवारी संध्याकाळी मिलिटरी महादेवला चालत जायचं, मंदिरात नमस्कार, बागेत बसायचं, बाबा पेपरात बांधलेले भाजलेले शेंगदाणे काढायचे आणि मोजून वाटायचे. मोजून म्हणजे खरोखर मोजून, कारण बहिणीला नेहमी वाटायचं मला जास्त मिळाले. येताना किल्ला तलाव. एवढंच. यालाही परंपरा म्हणायची असेल तर म्हणा.

शहापूरकर :
म्हणायची म्हणजे काय! मोजून वाटलेले शेंगदाणे मी आयुष्यात विसरणार नाही आता.

खानापूरवाली :
आमच्या तालुक्याचं कुणीच लिहिलं नाही अजून म्हणून मीच लिहिते आणि जरा लांबडं लिहिणार.

आजीचा नेम होता, वर्षातनं एकदा कणकुंबी आणि एकदा सौंदत्ती. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. आम्ही म्हणायचो नदी दाखव, तर आजी कुंडाकडं बोट करायची, ही काय. एवढीशी! आमच्या विहिरीत याहून जास्त पाणी. तिथलं पाणी ती बाटलीत भरायची, सरबताची जुनी काचेची बाटली, बूच घट्ट. मग पौर्णिमेला सौंदत्तीची यात्रा, ट्रॅक्टरात गवत पसरून वर वाकळ टाकून आम्ही सगळी, "उदे गं आई उदे" करत, दोन दिवस मुक्काम, डोंगराच्या पायथ्याला चूल, परडी भरायची, नैवेद्य. आणि सौंदत्तीजवळ तीच मलप्रभा, धरण बांधून अडवलेली, नजर पोचत नाही एवढी. आजी ती बाटली तिथं ओतायची. आम्ही विचारलं कशाला, आधीच एवढं पाणी आहे तिथं. ती म्हणाली, माहेरचं आहे, थोडं का असेना.

मला ते तेव्हा कळलं नव्हतं. माझं लग्न बैलहोंगलला झालं तेव्हा कळलं.

हलशीला पण जायचो, कदंबांच्या वेळचं देऊळ, भूवराह आणि नरसिंह एका मंडपात समोरासमोर. आम्ही पोरं मधे उभं राहून कुणाकडं पाठ करायची म्हणून गोल गोल फिरायचो. पुजारी काका हसायचे. डब्यात ठरलेलं, दशम्या, शेंगाची चटणी, दही आणि कांदा. कांदा बुक्कीनं फोडायचा, सुरीनं कापला तर भाऊ खायचा नाही.

ती वाकळ म्हटली ना, ती आजीनंच शिवलेली, शहापुरी लुगड्यांची, वरचं लुगडं झिजलं की खालचं दिसायचं, म्हणजे उलट्या क्रमानं सगळ्या आत्यांची लग्नं. सासरी ह्याला कौदी म्हणतात. सासूबाईंनी माझी वाकळ हातात घेऊन टाके बघितले, टाके बघून काही बोलल्या नाहीत, खरं त्या थंडीत स्वतः तीच घेऊन झोपल्या. परत मागायला जीभ झाली नाही.

खासबागचा :
रंगपंचमीवाले हात वर करा! बेळगावात धुळवडीला रंग आणि आमच्या शहापूर, वडगाव, खासबागला पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्याचा हिशेब अजून चालू आहे म्हणतात. आम्हाला कारण नको होतं, दोन्हीकडं मामा होते. पाच दिवसांत दोनदा रंगायचो, मधल्या दिवसांत शाळेत कान हिरवे.

आंबोलीप्रेमी :
स्कूटरवर चौघं. बाबा, पुढं मी उभा, मागं आई आणि आईच्या मांडीवर ताई. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली. टाकी इकडंच भरून घ्यायची हा बाबांचा नियम. शिनोळीला राज्य बदलतं, आता फोनवर मेसेज येतो म्हणून कळतं, तेव्हा दुकानांच्या पाट्या बदलल्या की मी ओरडायचो "आलं महाराष्ट्र". आई म्हणायची, बस रे गप, पाऊस तोच आहे. एकदा घाटात स्कूटर बंद पडली, प्लग भिजला. बाबांनी प्लग काढून आईच्या पदराला पुसला, ती कोरी साडी होती, त्यानंतर परत येईपर्यंत कुणीच कुणाशी बोललं नाही. धबधब्याखाली मात्र सगळ्यात जास्त वेळ आईच उभी होती. भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ, दात थडथड वाजत खायचं. बाकी स्वेटर घालून जाणाऱ्यांना आंबोली कळलीच नाही असं माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर घाला.

निपाणीची :
वाद नाही, न्युमोनिया होईल एवढंच.

गोकाकचा (घरात मराठी, बाहेर कन्नड) :
आमच्याकडं मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची. ज्येष्ठ पौर्णिमेला खऱ्या बैलांचा बेंदूर होतो आणि पंधरा दिवसांनी मातीच्यांचा. शेजारच्या अज्जी चिखलाचा गोळा हातात द्यायच्या, बैल करा म्हणायच्या. माझा दरवेळी डुक्कर व्हायचा. त्या त्यालाही शिंगं लावून देव्हाऱ्यात ठेवायच्या, पूजा करायच्या, नैवेद्य दाखवायच्या. आता माझी मुलगी करते. तिचाही डुक्करच होतो, रक्तात असावं.

कडोलीकर :
छोटंसं माझं पण. हिवाळ्यात आपल्या गावागावांत साहित्य संमेलनं होतात ना, कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी. आमची ट्रिप तीच! सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या पोरी, मग मंडपात भाषणं. भाषणं मला कळायची नाहीत, खरं मागच्या बाजूला पुस्तकांचं टेबल आणि दुपारी पंगत. आजोबा शेतकरी माणूस, एक पुस्तक विकत घ्यायचेच घ्यायचे, वर्षभर पुरवून वाचायचे. पावसाळ्यात रोज दोन पानं.

टिळकवाडीतली काकू :
हां, आता लिहिते. मांडे मला येतात. सासूबाईंकडनं शिकले, पहिले चाळीसेक तरी वाया गेले असतील, कोणी मोजलेत. नवीन खापर बघायचं असेल तर खानापूरच्या कुंभारांकडं चौकशी कर, खरं आणल्या आणल्या चुलीवर ठेवू नकोस, आधी मंद आचेवर दोनतीन दिवस सवय करायची. गॅसवर होत नाहीत असं नाही, होतात, पण कडा भाजत नाहीत. परस आहे ना अजून तुमचं?

शहापूरकर :
परस आहे काकू. अर्ध्यात गाडी लावतो, ती काढतो.

टिळकवाडीतली काकू :
मग चिरोटी रवा आणून ठेव, मैदा थोडा, आणि सुकी लाकडं. नखं कापून ये म्हणावं बायकोला, नाहीतर हातावरच फाटतो. जुनं खापर फेकू नकोस, उलटं करून तुळस लाव त्यात. मी येत्या रविवारी नऊला येते.

येळ्ळूरचा :
मोडलेले कुणाला मिळणार ते आधी ठरवा.