शेडचे जुने पत्रे फोडतायत, धुरळा घरात येतोय. मदत हवी आहे

मंडळी, आम्ही उद्यमनगरजवळ राहतो. मागच्या बंद कारखान्याच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे घणानं फोडून काढतायत, सगळा धुरळा आमच्या स्वयंपाकघरात. असल्या पत्र्यांत बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) असतं. त्याचे तंतू फुप्फुसात बसले तर फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होऊ शकतो, तोही 20-30 किंवा त्याहून जास्त वर्षांनी. त्यामुळं आज कुणाला खोकला नाही याचं काही समाधान नाही. सासरे बिडी ओढतात, त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी जास्त. पाणी मारून पत्रे अख्खे उतरवा म्हटलं, तर कंत्राटदार म्हणतो, ‘काय होत न्हाई वैनी!’ (मास्क त्याच्या कामावरच्या पोरांनाही नाही.) मी झाडू बंद करून ओल्या फडक्यानं पुसतेय. तक्रार महापालिकेत करू की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं? कुणी केलीय का? आणि सासऱ्यांचा छातीचा एक्स-रे आत्ताच काढून उपयोग आहे का?